नकाशा, धूप आणि शाडूचा ड्रॅगन

आमच्या ग्रुपमधली माणसं कमी होत गेली तसे किस्से वाढत गेले. आता किस्से एवढे साठलेत की सांगायला एक रविवार पुरत नाही, आणि ऐकायला मात्र कुणी उरलेलं नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

आम्ही टेबलाभोवती बसून रोल-प्लेइंग गेम खेळायचो. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात, आणि लढाईत काय झालं ते फासे ठरवतात. गोष्ट सांगणारा मी. जागा आमचा नौपाड्यातला हॉल, वेळ रविवार दुपार. कॉलेज सुटल्यापासून एकच गोष्ट चालू होती आणि तिच्या शेवटी एक ड्रॅगन मरायचा होता. पण लग्नं झाली, शिफ्ट लागल्या आणि तिघंच उरले: डोंबिवलीची प्रज्ञा, आंबिवलीचा मयूर आणि आमच्याच बिल्डिंगमधला केतन. ड्रॅगनपर्यंत पोचायच्या आत हेही पांगतील, ही माझी भीती. म्हणून मी प्रॉप्स करायला लागलो. हातात धरायला खऱ्या वस्तू असल्या की माणसं टिकतात, असं मला वाटायचं.

*

पहिला नकाशा. कागद चहात बुडवला, कडा गॅसवर जाळल्या, मागे लिंबाच्या रसाने गुप्त मजकूर लिहिला. प्रज्ञाने तो मेणबत्तीवर धरायचा आणि अक्षरं उमटायची, असा बेत. नकाशा वाळत घालून मी ऑफिसला गेलो.

परत आलो तर आईने तो लॅमिनेट करून आणलेला! जळक्या कडा कापून सरळ केलेल्या. मशीनच्या उष्णतेने मागचा मजकूर ठळक उमटलेला.

"फाटायला आलेला म्हणून करून घेतला," आई म्हणाली. "मागे कसले डाग पडलेत बघ. पुसले तरी जात नाहीत."

रविवारी तोच टेबलावर ठेवला. प्रज्ञाने खजिन्याची जागा वाचली आणि मग आज लवकर सुटायचं का, असं विचारलं.

*

मग राजाचं थडगं. खिडक्या बंद केल्या, पडदे ओढले, धूप पेटवला, मोबाईलवर बायकांच्या रडण्याचा आवाज लावला. केतनचं पात्र तिथेच मेलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका उघड्या दारातून हळूच आत आले आणि रुमाल हातात धरून कोपऱ्यात बसले.

"कधी गेले?" त्यांनी मयूरला विचारलं.

मयूर खेळात पुरता बुडालेला. म्हणाला, "आत्ताच. पाच मिनिटं झाली."

"काही त्रास होता का?"

"नाही हो. फासा वाईट पडला."

संध्याकाळी दोन घरांतून पिठलं-भात आला. आई बिल्डिंगभर समजावत फिरली आणि आम्ही तो खाल्ला. चांगला झालेला. पण जिवंत पोराला मेला म्हणणारा खेळ केतनच्या आईला चालेना. केतन यायचा बंद झाला.

*

उरलेल्या दोघांना मी पात्राच्या वेशात यायला सांगितलं. नवरात्र होतं. मयूर काळा झगा घालून, पुठ्ठ्याची तलवार कमरेला लावून निघाला, आणि देवीला हात जोडून येतो म्हणून टेंभी नाक्यावरून वळला. तिथल्या एका गल्लीतल्या देखाव्यात राक्षस कमी पडत होता. पोरांनी ह्याला धरला आणि उभा केला!

आम्ही दुपारभर वाट बघत बसलो. दिवेलागणीला साहेब प्रसादाचा पुडा घेऊन आले. मी चिडलो, गोष्ट अशाने कधी संपायची म्हणून बोललो.

तो म्हणाला, "तिथे निदान बघायला लोक होते रे."

मी प्रसाद खाल्ला.

*

मग मयूरला दोहाला नोकरी लागली आणि प्रज्ञाची नागपूरला बदली झाली. हातात एकच रविवार उरला.

माझ्या मामाचा कळव्याला गणपतीचा कारखाना आहे. तिथून उरलेली शाडू माती आणून मी ड्रॅगन केला. पंख, शेपटी, डोळ्यांच्या जागी खडे. जो मारेल त्याने तो हातोड्याने फोडायचा, असं ठरलं. खरं सांगतो, इतकं चांगलं माझ्या हातून काही झालेलं नाही.

मयूरचा फासा बरोबर पडला. ड्रॅगन मेला. मयूरने हातोडा उचलला आणि आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"खाली ठेव तो. गणपतीची माती आहे, फोडायची नाही."

तिने बादली भरून आणली. ड्रॅगनला हळद-कुंकू लावलं, एक जास्वंदीचं फूल वाहिलं. मयूरने त्याला दोन्ही हातांनी पाण्यात सोडला.

शाडू हळूहळू विरघळते. आधी पंख गेले. प्रज्ञाची गाडी होती, मयूरचं सामान भरायचं बाकी होतं, पण कुणी उठलं नाही. शेवटी डोकंही खचलं, आणि आईने सवयीने हात जोडले.

"पुढच्या वर्षी लवकर या."

"हो, काकू," मयूर म्हणाला.