शिडाचा पडदा

दिवाळीच्या सुट्टीत मी कॉलेजातून पनवेलला घरी आलो, आणि दुसऱ्याच दिवशी वडील म्हणाले, "आता परत नको जाव. मिठागरावर मानूस कमी हाय."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तिथं नेमकं काय शिकतो, हे मलाही घरी नीट सांगता आलं नसतं. पण परत जायचं होतं, आणि ते त्यांच्या तोंडावर म्हणायचा धीर नव्हता.

त्या सुट्टीत आम्ही गावातल्या विद्यार्थ्यांनी एक नाटक बसवलं. मला नायकाचं काम मिळालं, ते अभिनयामुळे नव्हे. मागून आणलेला कोट फक्त माझ्याच अंगाला बसत होता. नायक तरुण वकील. तिसऱ्या अंकात तो आपल्या रावबहादूर वडिलांपुढे लांबलचक भाषण करून विलायतेला जायची परवानगी मागतो. मी घरी म्हटलं, नाटकाला याच. वाटलं, कोटातला, शुद्ध बोलणारा मुलगा बघून त्यांचं मन कदाचित वळेल.

पडद्याला कापड नव्हतं. बंदरावरच्या एका नाखव्याकडून होडीचं जुनं शीड आणलं. त्याला सुक्या मासळीचा वास होता आणि वजन असं की वर ओढायला दोघे लागत. दोर एका खुंटीला गुंडाळून ठेवायचा.

नाटक सुरू झालं तरी माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं. वडील पुढेच उकिडवे बसले होते. ते बिडी ओढायला उठले की मला वाटे, चालले घरी. आणि माझं वाक्य चुके. बसायच्या जागी मी उभा राहिलो, नायिका रडत असताना भलतीकडेच बघत राहिलो. मिश्या काढून नायिका झालेला मित्र पदराआडून म्हणाला, "अरे, माझ्याकडे बघ ना मेल्या!"

तिसऱ्या अंकात खुंटी उपटून आली आणि शीड थेट रावबहादुरांच्या डोक्यावर आलं. आतून आवाज चालूच होता, "आमच्या घराण्याची अब्रू—"

तेवढ्यात कुणीतरी वर चढलं. माझेच वडील. त्यांनी दोर ओढला, कमरेभोवती फिरवून घेतला आणि रावबहादुरांच्या दिवाणखान्यात पाय रोवून उभे राहिले. अंगात बंडी, कमरेला रुमाल, डोक्याला मुंडासं.

रावबहादूर म्हणजे बाजारपेठेतल्या एका दुकानदाराचा मुलगा. पगडी सावरत तो म्हणाला, "ए गड्या, बघतोस काय? पाणी आण!"

"हात मोकला नाय माजा," वडील म्हणाले.

लोक खदखदून हसले. माझे कान तापले. "गडी नाहीत ते," मी म्हणालो, "माझे वडील आहेत."

"मग मी कोण?" रावबहादूर खरंच गोंधळून म्हणाला.

आता तर शिट्ट्या सुरू झाल्या. आडोशातून प्रॉम्प्टर माझं वाक्य ओरडून सांगत होता, "पिताजी, आज्ञा द्यावी!" मी रावबहादुराकडे वळलो. मग दोर धरलेल्या माणसाकडे वळलो.

"बाबा, मला परत जायाचं हाय. मला शिकायाचं हाय."

प्रॉम्प्टर आडोशातून डोकं काढून बघू लागला.

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात नव्हता. "मंग जा की," ते ओरडले, "पन आदी ह्यो दोर कुनीतरी धरा!"

दोघे धावले, पण पोचायच्या आत दोर सुटला. शीड आम्हा सगळ्यांवर पडलं आणि नाटक तिथंच संपलं.

परतीच्या वाटेवर मी त्यांच्या मागून चालत होतो. ते खरं म्हणाले, की नुसता दोर जड झाला म्हणून म्हणाले? पुढचे काही दिवस मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालत होतो. शेवटी गाडीच्या दिवशी ट्रंक त्यांच्यासमोरच ओढली आणि एकेक कपडा मुद्दाम सावकाश भरू लागलो, अडवायचं असेल तर अडवतील म्हणून. ते फावड्याला नवा दांडा बसवत होते. बराच वेळ ठोकाठोक चालली.

मग मान वर न करताच म्हणाले, "गारी किती वाजता हाय?"