चुकीचा शिकवलेला क्वांटम

आमच्या नगरच्या कॉलेजात एम.एस्सी. फिजिक्सचा वर्ग सुरू झाला आणि विभागप्रमुखांनी क्वांटम मेकॅनिक्सचा पेपर माझ्याकडे दिला. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मला नोकरीत तीनच वर्षं झाली होती. विभागात मी एकटीच बाई, आणि तीही खर्ड्याच्या बौद्ध वस्तीतून आलेली. माझं काही चुकलं तर तोंडावर कुणी बोलणार नव्हतं. पाठीमागे काय बोलतील ते मात्र मला ठाऊक होतं. त्यामुळे प्रत्येक तासाआधी मी टिपणं तीन-तीनदा वाचायचे आणि तरी भीत भीतच वर्गात शिरायचे.

त्या दिवाळीत पुण्याला प्राध्यापकांसाठीच्या एका वर्गाला गेले होते. तिथे एका व्याख्यानात क्वांटम कॉम्प्युटरबद्दल पहिल्यांदा ऐकलं. साधा कॉम्प्युटर शून्य तरी धरतो, नाहीतर एक. हा म्हणे दोन्ही एकदम धरू शकतो. मी भारावून परत आले आणि प्रमुखांना सगळं सांगितलं. त्यांना ते फारच आवडलं. विद्यापीठाची समिती आमचा वर्ग तपासायला येणार होती. प्रमुखांनी मान्यतेच्या अर्जात या विषयाचा एक नवा पेपर आणि छोटं संशोधन केंद्र घातलं, आणि जबाबदार शिक्षक म्हणून माझं नाव लिहिलं. मला विचारलं नव्हतं. नाही म्हणायचं धाडस मला झालं नाही.

मग मी जादा तास घेऊ लागले. वर्गात सात विद्यार्थी होते. मी सांगितलं, हा कॉम्प्युटर सगळी गणितं एकदम करतो आणि सगळी उत्तरं एकदम आपल्या हातात देतो. मुलांचे डोळे चमकले. जामखेडकडची एक विद्यार्थिनी होती, तिने हेच वाक्य ठळक अक्षरात लिहून मोठा तक्ता केला आणि प्रयोगशाळेत लावला.

समिती येण्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी पुण्याहून आणलेल्या झेरॉक्स पुन्हा वाचत बसले होते. वाचता वाचता एका ओळीवर थांबले आणि ती पुन्हा वाचली. मोजमाप केलं की उत्तर एकच मिळतं, बाकीची जातात, आणि मिळेल ते बरोबरच असेल असंही नाही. चुकीच्या उत्तरांच्या लाटा एकमेकींना खोडून काढतील अशी मांडणी करणं, हीच खरी करामत. म्हणजे मी महिनाभर मुलांना चुकीचं शिकवलं होतं, आणि ते भिंतीवर टांगलेलं होतं.

मी प्रमुखांकडे धावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. या मान्यतेसाठी ते दोन वर्षं हेलपाटे घालत होते. उद्या इतक्या खोलात कुणी जाणार नाही, वर्गात नंतर दुरुस्त करा, असं ते म्हणाले. मी होकारार्थी मान हलवली.

तरी तक्ता काढायला प्रयोगशाळेत गेले. ती मुलगी तिथेच होती. काय चुकलं, असं तिने विचारलं. अक्षर जरा तिरकं आलंय, असं मी खोटंच बोलले. तिने लगेच नवा कागद पसरला आणि पट्टी घेऊन तेच वाक्य पुन्हा लिहायला बसली. ते मला बघवेना.

"अक्षर चांगलं आहे गं," मी म्हटलं. "चूक माझी आहे. मी तुम्हाला चुकीचं शिकवलं."

तिने पट्टी खाली ठेवली.

"मग खरं काय हाय, मॅडम?" तिने विचारलं.

मी खडू उचलला. जेवढं कळलं होतं तेवढं सांगितलं आणि पुढचं मला अजून कळलेलं नाही, हेही सांगितलं. तिने नव्या तक्त्यावर दुरुस्त वाक्य लिहिलं.

दुसऱ्या दिवशी समितीतले तिघे आले. त्यातल्या सगळ्यात वयस्कर सदस्यांनी तक्ता वाचला आणि हा विषय शिकवणार कोण, असं विचारलं. प्रमुखांनी माझ्याकडे बोट केलं.

"तुम्हाला येतो?"

"थोडा येतो, सर. महिनाभर मी तो चुकीचा शिकवला. काल दुरुस्त केला."

प्रमुखांनी मान खाली घातली. त्या सदस्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या खोलीत गेले.

पत्र येईपर्यंतचे आठवडे मी धड जेवले नाही. माझ्या एका वाक्याने सगळा वर्ग बंद पडणार, याची मला खात्रीच वाटत होती. पत्र आलं. एम.एस्सी.ची मान्यता कायम झाली होती. नवा पेपर आणि केंद्र मात्र नाकारलं होतं: पुस्तकं नाहीत, तयार शिक्षक नाही. शिक्षिकेला प्रशिक्षणाला पाठवावं, अशी एक ओळ शेवटी होती. प्रमुखांनी ते पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. महिनाभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले, पण प्रशिक्षणाच्या अर्जावर सही त्यांनीच केली.

प्रशिक्षणाहून परतल्यावर मी दर शनिवारी हा विषय शिकवू लागले. त्याला ना गुण होते ना परीक्षा. सुरुवातीला चौघं यायची, मग नव्या तुकडीतली धरून नऊ झाली. वर्गात शिरताना अजून भीती वाटायची. फरक इतकाच पडला की आता मी ती मुलांना सांगत असे.