आबांच्या खुर्चीइतका उंच वाफा

मंडळी, आज सकाळी आमचा वाफा एकदाचा उभा राहिला!

नळदुर्गात आमच्या घरामागं नुसता खडक. पहार मारली की हाताला झिणझिण्या येतात. त्यात आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, अर्धांगवायूनं उजवा हात गेला आणि ते खुर्चीला खिळले. जन्मभर शेती केलेला माणूस दिवसभर भिंतीकडं बघत बसतो, हे मला बघवत नव्हतं. म्हणून ठरवलं, खाली माती नाही ना? मग वर आणायची, थेट आबांच्या खुर्चीच्या उंचीला.

बाभळीचे ओंडके एकावर एक रचले. दोनदा ढासळले. तिसऱ्यांदा कोपऱ्यांना खाचा पाडून ते एकमेकांत घट्ट बसवले. आत तळाला तुरीच्या वाळक्या तुराट्या, त्यावर पालापाचोळा, शेणखत आणि काळी माती भरली. मग आबांना त्रास नको म्हणून मीच मेथीचं बी टाकायला घेतलं.

तर आबा कडाडले, "थांब! पहिली मूठ कोण धरणार? म्या अजून हाय की!"

पेरणीची पहिली मूठ घरातल्या मोठ्या माणसाची, हे मी विसरलेच होते. त्यांचा डावा हात वाफ्यावर येईल अशी खुर्ची लावली. आबांनी बी फेकलं. निम्मं एकाच कोपऱ्यात पडलं. ते पसरायला माझा हात पुढं गेला, पण मी तो मागं घेतला.

"आन उद्यापास्नं पाणी बी म्याच देणार," आबा म्हणाले.

तुम्ही मायेपोटी घरात कुणाच्या हातातलं काम काढून घेतलंय का? मी आज घेतच होते.