दोड्डप्पा लेफ्ट झाले

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. फोनमध्ये गुड मॉर्निंगचे फोटो साठतात तसे ते साठतात, आणि एक दिवस फोनच सांगतो, जागा संपली. माझी जागा आमच्या घरच्या ग्रुपनं संपवली. नाव 'आपली माणसं'. माणसं सत्तावीस, धारवाड-हुबळी मिळून. अ‍ॅडमिन मी, कारण ग्रुप काढला तेव्हा घरात कॉलेजला जाणारी मी एकटीच होते. हल्ली फोन वाजला की माझ्या हातातलं भांडं पडतं. आई मला आता स्टीलचीच भांडी देते.

*

निवडणुकीच्या वेळी मी भीत भीत नियम टाकला: ग्रुपवर राजकारण नको.

हा नियम कोणत्या पक्षाच्या सोयीचा आहे, यावर अडीच दिवस चर्चा झाली. शेवटी मी समोरच्या पक्षाची आहे, असं दोन्ही बाजूंनी ठरवलं. ग्रुपवर एकमत झालं ते तेवढंच.

*

कुसुमक्का ही अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आत्या असली तरी आम्हीही तिला अक्काच म्हणतो. ती प्रत्येक मेसेजला नमस्काराचे हात टाकते. सरकार चोर आहे: हात. सरकार देवमाणूस आहे: हात.

एकदा न राहवून विचारलं, "अक्का, तुझं नक्की मत काय?"

"मी वाचत नाही गं. दारात कुणी आलं की हात जोडायचे."

*

मग पाट्यांचा वाद आला. दुकानाच्या पाटीवर कन्नड मोठं हवं, अशी बातमी कुणीतरी टाकली. दोड्डप्पा, म्हणजे अप्पांचे मोठे भाऊ, यांचं हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात हार्डवेअरचं दुकान. त्यांनी लिहिलं, बरोबरच आहे. अप्पा मराठी शाळेतले निवृत्त मास्तर. मराठीनं काय घोडं मारलंय, असं त्यांनी विचारलं.

पण अप्पांना राग आला की कन्नडच सुटतं, आणि दोड्डप्पांना मराठी. त्यामुळं तीन दिवस अप्पा मराठीची बाजू अस्खलित कन्नडमध्ये मांडत होते, आणि दोड्डप्पा कन्नडची बाजू शुद्ध मराठीत. कुणालाच काही खटकलं नाही.

तिसऱ्या दिवशी अप्पांनी लिहिलं, दुकानदाराचं मत गिऱ्हाईक बघून बदलतं.

दोड्डप्पा लेफ्ट झाले. कुसुमक्कानं हात टाकले.

*

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. समेटासाठी मी दोघांना वेगवेगळा मेसेज लिहिला, पाठवला, घाबरले आणि लगेच डिलीट केला.

दोघांचेही फोन आले. अप्पा खालच्या खोलीतून करत होते. मी काय शिवी दिली होती, हे दोघांनाही जाणून घ्यायचं होतं.

*

खरी काळजी एळ्ळ अमावस्येची, म्हणजे वेळ अमावस्येची होती. कलघटगीजवळ आमचं तीन एकर शेत आहे. त्या दिवशी सगळे तिथं जेवतात, पण आधी चरगा करायचा, म्हणजे शेताच्या कडेनं अन्न शिंपडत फिरायचं. पुढचा भाऊ 'हुल्लिग्यो' अशी हाक देतो, मागच्यानं 'चलांब्रिग्यो' म्हणायचं. आजोबांपासून हे भावाभावांनीच करायचं. हाकेला उत्तर नाही मिळालं तर चरगा झालाच नाही, आणि चरगा नाही तर कुणाच्या तोंडात घास नाही.

दोघंही येणार नव्हते. कुसुमक्कानं फोन केला, "भाकऱ्या थापून झाल्यात. गप दोघं या." दोघंही आले.

दोड्डप्पा अन्नाची बुट्टी घेऊन पुढं झाले. "हुल्लिग्यो!"

मागं अप्पा गप्प. शेजारच्या शेतातून हाका आणि उत्तरं ऐकू येत होती. दोड्डप्पा वळले नाहीत, पण पुढंही गेले नाहीत. पुन्हा हाक दिली.

अप्पा मला हळूच म्हणाले, "त्याला अ‍ॅड कर."

मी केलं. अप्पांनी फोन तोंडाजवळ धरला, ग्रुपवर व्हॉइस मेसेज पाठवला. दोड्डप्पांच्या खिशात टिंग वाजलं. बुट्टी कमरेवर घेऊन त्यांनी फोन काढला, आवाज पूर्ण वाढवला आणि लावला. शेतभर अप्पांचं 'चलांब्रिग्यो' घुमलं. मग दोड्डप्पा पुढं चालले.

तीन बांध असेच झाले. हाक, टिंग, उत्तर. मागून येणारी कुसुमक्का दर मेसेजला हात टाकत होती.

चौथा बांध ओढ्याच्या खोलगटात. दोड्डप्पांनी हाक दिली आणि फोन हातात धरून थांबले. बराच वेळ काही वाजलं नाही.

"रेंज नाही इथं," दोड्डप्पा ओढ्याकडं बघत म्हणाले.

अप्पांनी फोन खिशात ठेवला.

"चलांब्रिग्यो," अप्पा म्हणाले.

कुसुमक्कानं दोनदा फोन दाबून बघितला. मग तो कमरेला खोचला आणि खरेच हात जोडले.