टँकरच्या दिव्यांचा खटका

आमच्या सगळ्या भावकीत बी.एस्सी. झालेला मी पहिला. हे मी आजही छाती पुढं काढून सांगतो. पण निकाल लागला तो बहात्तरच्या दुष्काळात. नोकरी कुठली मिळायला? घरीच होतो. थोरला भाऊ पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होता, तिसगावच्या पुढं डोंगराकडच्या एका वस्तीला पाणी पोचवायचा. ट्रक म्हातारा, पुढचे दिवे मिणमिणते. भरायला रांग असायची, त्यामुळं शेवटच्या खेपेला अंधार पडायचा, आणि वाट म्हणजे ओढ्यातून गेलेली गाडीवाट. एकदा भरली टाकी ओढ्यात एका अंगाला कलली. त्या दिवशी दादा घरी येऊन म्हणाला, "बीएस्सी, एवढं शिकलास न्हवं? मंग मला उजेड दे."

नगरला लष्कराच्या भंगारात दोन मोठे दिवे मिळाले. ते मी बंपरवर बसवले. दादाचं म्हणणं, वायर सरळ खटक्याला जोडून टाक. मी म्हटलं, "एवढा करंट खटक्यातून ओढला तर वायर वितळंल. मधी रिले पाहिजे. खटका नुसता रिलेला सांगतो, दिव्यांचा भार रिले उचलतो."

"म्हंजी तलाठ्यानं सांगायचं न् कोतवालानं पळायचं," दादा म्हणाला. "आन पेटलं न्हाई तर तुझी डिग्री चुलीत घालीन बघ."

पेटलं. हॉर्नचा जुना रिले बसवला होता, तो टक्क करून वाजला आणि ओढ्यातला गोटा न् गोटा दिसायला लागला. दादानं माझ्या पाठीत धपाटा घातला. घरातल्या कुणी माझ्या शिक्षणाला दिलेली ती पहिली दाद.

पण त्या उघड्या माळावर तो उजेड फार लांबून दिसायचा. ओढ्याच्या पलीकडं एक वस्ती होती, तिला टँकर मंजूर नव्हता. मंजुरी नसलेल्याला घागरभर जरी पाणी दिलं तरी ड्रायव्हर घरी, असा ठेकेदाराचा दम होता. आधी ट्रक पुढं निघून गेल्यावर त्यांना आवाज यायचा. आता उजेड दिसला की ती माणसं आधीच वाटेवर यायची. चालत्या ट्रकला मागून लोंबकळायची. दादा शिव्या द्यायचा, हात जोडायचा, आणि घरी आला की जेवायचा नाही.

"ह्यातलं कोन तरी चाकाखाली येनार," तो म्हणाला. "माझ्या हातनं मानूस मरनार. समदे दिवे एकदम बंद हुतील असं कायतरी कर."

मी ट्रकचे मूळचे दिवेही त्याच खटक्यावर घेतले. एका बोटात सगळा ट्रक आंधळा. काम चोख होतं. ओढ्यातून वर चढला की दादा खटका मारायचा आणि चांदण्यांच्या उजेडात वस्ती मागं टाकायचा.

एकदा रिले चरचरत होता म्हणून मीही ट्रकमध्ये बसलो. तिन्हीसांजा उलटल्या होत्या. ओढ्यातून वर चढून दादानं खटका मारला, थोडं पुढं गेलो आणि चाकाखाली कडाकडा काहीतरी चुरडलं. दादानं ब्रेक दाबला. त्याचे हात स्टिअरिंगवरून निघेनात.

"तू बघ. माझ्याच्यानं न्हाई हुनार."

मी खटका दाबला आणि उतरलो. चाकाखाली हंडे होते. पितळी, तांब्याचे, मातीची मडकी, एक पत्र्याचा डबा. आमच्याकडं पाण्याच्या रांगेत माणसाऐवजी भांडं उभं असतं. एकदा हंडा ठेवला की नंबर लागला, त्याला कुणी हात लावत नाही. तशी रांग थेट वाटेच्या मधोमध लावली होती. माणसं कडेच्या बांधावर बसली होती. सगळी होती, धडधाकट.

एक म्हातारी पुढं आली. "सायेब, ग्रामसेवक म्हनला, मंजुरीला लिवलंय. म्हनून नंबर लावून ठिवला."

"वाटंच्या मधी?" दादा वरून ओरडला.

"मंग कुटं? टँकर वाटंनंच येतो न्हवं?"

दादा खाली उतरला. मागं गेला आणि तोटी सोडली. पाणी मातीत पडायला लागलं आणि कुणी हलेना. रांगेतले पहिले नंबर चाकाखाली गेले होते. ज्यांचे हंडे शाबूत, ते त्यांच्या आधी हंडा लावीनात. म्हातारी चेपलेला हंडा दगडानं ठोकत बसली होती, तिनंच शेवटी मान वर केली. "भरा की गं बायांनो! चाललं सारं मातीत!"

मग झुंबड उडाली.

मंजूर वस्तीला त्या दिवशी टाकी अर्धीच पोचली. त्यांनी ओरड केली, त्यांचंही बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी टँकरवर नवा ड्रायव्हर आला. आमच्या दारात ट्रक उभा करून मला म्हणाला, "त्या वस्तीपाशी समदे दिवे बंद करायचा खटका कोनचा वो?"

दादा आत भिंतीकडं तोंड करून पडला होता. मी ट्रकमध्ये चढलो आणि खटका दाखवला.