दोन चाव्यांचा सौदा

माझ्या सख्ख्या मेहुण्याने मला फसवले. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकिकत ऐकली की लोक माझ्याकडे बघून हसत सुटतात आणि खरा गुन्हेगार बाजूलाच राहतो.

मेहुण्याचे नाव शिवानंद. श्रीपूरला साखर कारखान्यात नोकरीला आहे. स्वभावाने इतका गरीब, की त्याच्याशी घासाघीस करणे म्हणजे झोपलेल्या माणसाच्या खिशात हात घालणे. मी घातला! अहो, सायकलला चादरींचे गठ्ठे बांधून दारोदार फिरलेला माणूस मी. आज सोलापुरात माझे टॉवेल-चादरींचे दुकान आहे, ते काय समोरच्याने सांगितलेल्या भावाला मान डोलावून उभे राहिले?

शिवाची जुनी गाडी मी घेतली तेव्हा त्याला जवळजवळ रडवले. सीट कव्हर नवीन पाहिजेत म्हणालो, त्याने घातली. वरचा कॅरिअर फुकट मागितला, दिला. मग मी म्हणालो, "चाव्या किती?"

"एकच हाय दाजी. दुसरी हरवली."

"दोन चाव्यांशिवाय सौदा नाही. उद्या एक तुझ्या बहिणीने हरवली तर?"

चार दिवसांनी तो दोन नव्या कोऱ्या, चकचकीत चाव्या घेऊन आला. जुनी एक मागे ठेवून मला दोन नव्या! मेहुण्याला कसे वाकवले ते मी पेठेत सगळ्यांना सांगितले. पुढे वर्षभर गाडी उत्तम चालली, हे मी रागातसुद्धा नाकारणार नाही.

आता मूळ प्रसंग. माझी मुलगी पल्लवी हिचे लग्न अक्कलकोटच्या एका घरात ठरत होते. मुलगा चांगला, मुलीला पसंत, मुलीच्या आईला तर मुलीपेक्षा जास्त पसंत. फक्त सुपारी फोडायची राहिली होती. पण मुलाचे वडील, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, वेळेच्या बाबतीत भयंकर माणूस. आधीच्या एका स्थळाकडची मंडळी उशिरा आली, तर अण्णांनी त्यांना चहा पाजून परत पाठवले होते. (चहा चांगला होता म्हणतात. पण चहासाठी कोण मुलगी घेऊन जाते?)

शिवाय लग्न कुठे करायचे, हा वाद शिल्लक होता. ते म्हणत अक्कलकोट, मी म्हणत होतो सोलापूर. माझे गिऱ्हाईक, माझे व्यापारी, माझा दरारा, सगळे सोलापुरात! हा सौदा मी सुपारीच्या बैठकीत जिंकणार होतो. त्यासाठी स्वतःच्या गाडीतून, ऐटीत, वेळेआधी उतरायचे असे ठरवले होते. फोनवर अण्णांना सांगूनही टाकले होते, "आमची गाडी आहे घरची. काळजी नको."

सकाळी सगळे नटून गाडीत बसले. मी चावी फिरवली. गाडी खर्र खर्र खर्र करून गप्प झाली. पुन्हा फिरवली. खर्र खर्र खर्र, गप्प. म्हातारा माणूस खाकरून खाकरून शेवटी काहीच बोलत नाही, तसे.

"अहो, भाड्याची जीप सांगू का?" बायको म्हणाली. तिचे नाव महानंदा.

"जीपवाला मागेच बोलला होता. एक पैसा कमी करत नाही म्हणाला. असल्या माणसाला मी पैसे देणार नाही!"

मग मी शिवाला फोन लावला.

"शिवा, काय भंगार गळ्यात मारलंस रे माझ्या?"

"दाजी, गाडी सुरू होईना व्हय? मग ते..."

"तुला बरोबर माहीत आहे ना सुरू होत नाही ते? म्हणजे तुला आधीच माहीत होतं!" आणि मी फोन कापला. चोरांशी जास्त बोलू नये.

पलीकडच्या गल्लीतून रफिकभाई मिस्त्रीला बोलावले. त्याने बॉनेट उघडून आत तोंड घातले. "शेठ, बॅटरी फस्क्लास हय. पेट्रोल भी आरा. सेल मारो जरा."

मी सेल मारला. खर्र खर्र.

"प्लग खोलके देखना पडेंगा."

"खोलण्याचं किती घेणार?"

"पहले देखने तो देव."

"नाही, आधी बोल. नंतर काही पण सांगशील."

त्याने आकडा सांगितला. मी निम्मा केला. त्याने हात पुसले, मी थोडा वाढवला. त्याने पाना पेटीत टाकला, मी म्हणालो, "बरं, पण प्लग चांगला निघाला तर पैसे नाहीत." रफिकभाईने बॉनेट बंद केले, पेटी उचलली. जाता जाता खिडकीतून आत बघून म्हणाला, "शेठ, ये लाल लाइट कायकू चमकरी?"

मीटरजवळ एक बारीक लाल दिवा लुकलुकत होता खरा. "ती शोभेची आहे!" मी ओरडलो. (पूर्वी कधी लागला नव्हता. पण फुकट मिळालेल्या गोष्टीचा हिशेब मागणारा हा कोण?)

"हौ, शोभा देखते बैठो," असे म्हणून तो निघून गेला.

तेवढ्यात अण्णांचा फोन आला. "निघाला का?"

"निघालोच!" मी म्हणालो. खोटे नव्हते. गाडीत बसलो होतो, तोंड अक्कलकोटच्या दिशेला होते.

समोरचे कुलकर्णी काका गॅलरीतून हे सगळे बघत होते. कचेरीतून निवृत्त झाल्यापासून ते दुसऱ्यांच्या अडचणी पूर्ण वेळ बघतात. ते खाली आले. "ढकलून सुरू होते. आमच्या साहेबांची जीप रोज ढकलायचो. चौकापर्यंत उतार आहे, सेकंड गिअर टाका आणि क्लच सोडा."

मग काय! मी स्टेअरिंगला. मागे कुलकर्णी काका, नवीन इरकल नेसलेली महानंदा आणि सुपारी फुटायची म्हणून मेंदी काढलेली पल्लवी. मुलीने स्वतःच्या सासरच्या दिशेने गाडी ढकलण्याचा सोलापुरातला हा पहिलाच प्रसंग असावा. गाडी धावली, मी क्लच सोडला, गाडीने असा हिसका दिला की काका डिकीवर आडवे झाले. इंजिन हूं नाही की चूं नाही. उतार संपला आणि गाडी बरोबर चौकाच्या मध्यावर उभी राहिली.

एका बाजूने उसाचा ट्रॅक्टर, दुसऱ्या बाजूने शहर बस. दोघांचे हॉर्न आणि मध्ये मी. ट्रॅक्टरवाला ओरडला, "ओ मालक, गाडी हाय का देव्हारा? बाजूला घ्या की!"

"सुरू होत नाही!"

"मग आरती करा!"

पेठेतली जी माणसे कधी माझ्या नजरेला नजर देत नाहीत, ती गोल करून उभी राहिली. एक म्हणाला पेट्रोलमध्ये पाणी गेले असेल. एक म्हणाला उंदरांनी वायर खाल्ली. एकाने सांगितले, बॉनेटवर गरम पाणी ओता. मी तेही ओतले असते, इतका खचलो होतो! पल्लवी मागच्या सीटवर बसून हळू आवाजात म्हणाली, "बाबा, ते लोक चहा पाजून पाठवतील आता." तिचे डोळे भरले होते. चौकातला तेवढा एकच आवाज मला ऐकू आला.

आणि शिवाचा पुन्हा फोन! मघापासून मी त्याचे फोन कापतच होतो. या वेळी उचलून कडाडलो, "नालायका, भाचीचं लग्न मोडलंस!" आणि कापणार, तेवढ्यात महानंदाने फोन हिसकावून घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला.

"बोल रे शिवा."

"अक्का, दाजी ऐकूनच घेत न्हाईत की! ह्या गाडीला कंपनीच्या चावीतली चिप लागती. चिप जवळ नसली का इंजिन पेटतच न्हाय, नुस्ता लाल दिवा लागतो. दाजींनी दोन चाव्या मागितल्या. तसली चावी लई महाग. मग मी साध्या दोन करून आणल्या, आन् मूळची चावी काळ्या टेपात गुंडाळून, लाल दोऱ्यानं स्टेअरिंगच्या खाली बांधून ठिवली. ती तितं हाय तवर कुठलीबी साधी चावी चालती. जरा हात घालून बघा, निसटली असंल."

मी स्टेअरिंगखाली हात घातला. काही नाही. पार खाली डोके घालून बघितले. दोरासुद्धा नाही. वर आलो तेव्हा महानंदाचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला होता.

"महानंदा?"

तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळले.

"अगं, बोल!"

"अहो," ती म्हणाली, "काल गाडी पुसताना मला ते सापडलं. काळं गाठोडं, लाल दोरा, आणि आत काहीतरी टोचत होतं. मला वाटलं खिळा आहे. मला वाटलं, कुणीतरी पल्लवीच्या लग्नावर करणी केली."

"आणि तू काय केलंस?"

"लिंबू उतरवलं आणि संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्यात टाकलं. मागं वळून न बघता."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं की उलटतं म्हणतात!"

ट्रॅक्टरवाला खाली उतरून आला होता. त्याने टोपी काढली आणि हात जोडले, कुणाला ते मला अजून कळलेले नाही. त्यानेच बसच्या कंडक्टरला हाताशी घेऊन गाडी ढकलून कडेला लावली.

शेवटी दुकानाचा टेम्पो मागवला. पुढे ड्रायव्हरशेजारी पल्लवी बसली. मागे चादरींच्या गठ्ठ्यांवर महानंदा आणि मी. वाटेत वळसंगच्या पुढे टेम्पो जरा थांबला, तर रस्त्यावरच्या एका माणसाने मला चादरीचा भाव विचारला. आयुष्यात पहिल्यांदा मी भाव सांगितला नाही.

अण्णांच्या दारात उतरलो तेव्हा वेळ कधीच टळून गेली होती. अण्णा ओसरीवर बसले होते. आतून चहाचा वास आला आणि मी मागे वळून टेम्पोकडे बघितले. मी वाहतुकीचे काहीतरी सांगायला तोंड उघडले, पण महानंदाने पुढे होऊन सगळे सांगून टाकले. चावी, लिंबू, तळे, काही ठेवले नाही. अण्णांच्या बायकोने तोंडाला पदर लावला, तिचे खांदे हलायला लागले, आणि अण्णांना एकदम हसू फुटले. डोळे पुसत महानंदाला म्हणाले, "होगली बिडू अक्का, जाऊ द्या. मुलीसाठी कुठंतरी जीव तुटला म्हणूनच टाकलं ना तळ्यात? असं घर पाहिजे आम्हाला." सुपारी फुटली. पल्लवी हसली.

आणि मग अण्णा माझ्याकडे वळले.

"लग्न अक्कलकोटला करू."

"पण अण्णा, सोलापूर..."

"सोलापुरात तुम्ही घरातून निघून कार्यालयात पोचाल, याची खात्री कोण देणार? अक्कलकोटला करू. आदल्या दिवशी येऊन राहा. आणि ती गाडी आणू नका."

मी, ज्याच्यापुढे सुताचे व्यापारी घाम पुसतात, मी म्हणालो, "बरं."

इतकेच! एवढा मोठा सौदा मी एका शब्दात हरलो!

शिवाला मी घरी बोलावून घेतले. म्हणालो, नवी चिपची चावी तू करून द्यायचीस. तो लगेच हो म्हणाला. (असल्या माणसाशी भांडायचे तरी कसे?) मग म्हणालो, लग्नात सगळ्या पाहुण्यांसमोर माझी माफी मागायची. त्यालाही तो हो म्हणाला. "मागतो की दाजी, माईकवर मागतो. फक्त लोकांनी विचारलं, काय झालं म्हणून, तर सगळं सांगावं लागंल. दोन चाव्यांपासनं."

मी रात्रभर विचार केला. माझी मागणी मी मागे घेतलेली नाही. शिवानंदाने भर मांडवात मला उत्तर द्यावे. माईकवर द्यावे, मान खाली घालून द्यावे, खणखणीत आवाजात माफी मागावी. फक्त कशाबद्दल, ते सांगू नये!