बनी चालायला लागली

छापखान्यातली शाई आणि छापखान्यातले किस्से, दोन्ही एकदा अंगाला लागले की घासूनही निघत नाहीत. शाई तरी चार दिवसांनी फिकी पडते. किस्से सांगावे तसे गडद होत जातात.

साताऱ्यात माझ्या मामांचा छोटासा छापखाना होता. लग्नपत्रिका आणि जत्रेची हँडबिलं छापता छापता मामांना मुलांसाठी चित्रांची पुस्तकं काढायची हुक्की आली. गोष्टी मी लिहायचे, कारण मी शाळेत शिकवत होते आणि भाची असल्यामुळे फुकटात मिळत होते. चित्रं उंब्रजचा शंकर काढायचा. आणि सगळ्या पुस्तकांची नायिका एकच, बनी नावाची शेळी. लढाईचे दिवस, कागद मिळता मिळत नव्हता, आणि आम्ही तो शेळीवर घालवत होतो!

*

पहिल्या पुस्तकात बनी गुरुजींचं पागोटं खाते. पुस्तक खपलं, पण एक निवृत्त हेडमास्तर छापखान्यात येऊन ठाण मांडून बसले. त्यांचं म्हणणं एवढंच की, गोष्टीला तात्पर्य कुठे आहे?

मामांनी त्यांना चहा पाजला आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "तात्पर्य होतं. बनीनं तेही खाल्लं."

दुसरं पुस्तक निघालं तेव्हा हेडमास्तर पुन्हा आले. या वेळी विकत घ्यायला. नातवासाठी, असं ते म्हणाले.

*

सांगलीला मामांचे स्नेही अण्णा राहायचे. त्यांचा फोटोचा स्टुडिओ होता, आणि तरुणपणी ते सिनेमाच्या कॅमेऱ्यावर काम करून आलेले. एकदा त्यांनी पुस्तकं चाळली आणि म्हणाले, हिला पडद्यावर चालवू या. एका पावलासाठी कितीतरी चित्रं काढायची, प्रत्येक आधीच्याहून केसभर निराळं. एकेकाचा फोटो घ्यायचा आणि भराभर दाखवायचे, की शेळी चालते. मामा एका पायावर तयार झाले.

जागा मिळाली ती हळदीच्या रिकाम्या वखारीत. पोती गेली होती, पण हळद तिथेच होती. भिंतीत, हवेत, आमच्या नाकात. आठवड्याभरात आम्ही सगळे पिवळेधमक झालो. शंकर तसाच गावी गेला. पोराच्या हातापायांना हळद बघून आईनं डोक्यावरची घागर खाली ठेवली आणि विचारलं, "पोरगी कुणाची रं?"

तो कितीही सांगो, तिचा विश्वास बसेना. दोन दिवसांनी माउली सांगलीत हजर! मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मी दोन मुलांची आई आहे हे कळल्यावर कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

*

शंकरचे वडील मात्र यातल्या कशालाच हसले नाहीत. पलटणीतून हवालदार होऊन परतलेले, चांगला उसाचा मळा राखून असलेले. पोरगा शेळ्या काढतो हे भावकीत सांगायची त्यांना चोरी होती. त्यांनी बायकोबरोबर निरोप धाडला. गावच्या जत्रेत शेळी चालवून दाखव. माझ्या मनाला पटली तर बरं, न्हाईतर दुसऱ्या दिवशी गाडी जुंपून तुझी ट्रंक न्यायला येतो, मग तू आणि गुऱ्हाळ.

शंकर त्या दिवशी जेवला नाही. त्याला चित्रांवाचून दुसरं काही येत नव्हतं, आणि बापावाचून दुसऱ्या कुणाची भीती नव्हती.

*

बनीची चाल काही केल्या जमेना, म्हणून अण्णांनी बाजारातून खरीखुरी शेळी आणली. तिला समोर बांधून शंकर चित्रं काढू लागला. एका दुपारी आम्ही जेवून येतो तर दावं तुटलेलं, आणि बनी कुंपणावरून उडी मारते तो सगळा प्रसंग शेळीच्या पोटात!

मी रडायच्या बेतात होते. मामा खाली बसले, उरलेला एक कोपरा उचलून पाहिला आणि म्हणाले, "आपण पहिल्या पुस्तकापासून लिहितोय, ही सगळं खाते म्हणून. आपलाच आपल्यावर विश्वास नव्हता."

शंकरनं उडी पुन्हा काढली. दुसरी उडी पहिलीपेक्षा सरस झाली, हे त्यानंच कबूल केलं.

*

जत्रा तोंडावर आली आणि घाईत एक घोळ झाला. एका चित्रात बनीचा आधीचा पाय पुसायचा राहिला आणि नवा पाय काढून झाला. अण्णांच्या लक्षात आलं ते फिल्म धुतल्यावर. पाच पायांची बनी! परत फोटो घ्यायला ना फिल्म होती ना वेळ. अण्णांनी धीर दिला की पापणी लवायच्या आत ते चित्र निघून जातं, माणसाला दिसायचंच नाही. तरी आम्ही चौघांनी शेळीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, की हे बाहेर कुणाला सांगायचं नाही. ती मी आजवर पाळली होती.

*

उंब्रजच्या जत्रेत सिनेमाचा तंबू होता. मालकाची मनधरणी करून मोठ्या सिनेमाच्या आधी बनीला जागा मिळवली. चारच मिनिटं. पडद्यावर बनीनं शेपटी हलवली, पहिलं पाऊल टाकलं, आणि पोरांनी तंबू डोक्यावर घेतला. मला तर रडूच आलं. आमची कागदी पोर आपल्या पायांनी चालत होती.

हवालदार पुढेच काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ते हसले नाहीत. बनी संपताच मोठा सिनेमा न बघता उठून गेले. पुढच्या खेळाला परत आले, बनी बघितली, उठून गेले. तिसऱ्या खेळालाही तेच.

सकाळी आम्ही धर्मशाळेत आवराआवर करत होतो. शंकरनं आपली ट्रंक मुकाट्यानं दाराशी आणून ठेवली. एवढ्यात घुंगरं वाजली. गाडी खरंच आली होती. अण्णा दोन शब्द सांगायला पुढे झाले, तर हवालदारांनी त्यांना हातानंच थांबवलं. ट्रंकेकडे बघितलंसुद्धा नाही. गाडीच्या मागे एक रेडकू बांधलं होतं. त्यांनी ते सोडलं आणि दावं शंकरच्या हातात दिलं.

"शेळीचं झालं. आता ह्येचं काढ. लय गुणाचं हाय."

हवालदार गाडीत चढून बसले, कासरा हातात घेतला आणि जाता जाता मागे वळून म्हणाले,

"पाय तेवढं मोजून काढ."